व्हॉल्व तापेपर्यंत

यंदा अनंतचतुर्दशी झाली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी अण्णा आमच्या दारात उभा राहिला. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. आत ये म्हटलं तर उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "दुकान रिकामं करायलोय. अप्पांचं हे तेवढं ऱ्हायलंय. भंगारात घालायला हात होईना. तुझ्या कामाचं हाय न्हवं?" डबा माझ्या हातात दिला, "येतो" म्हणाला आणि गेला. चहासुद्धा घेतला नाही.

अण्णा माझ्याच वयाचा. बेळगावला शहापुरात आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. त्याचे वडील रेडिओ मिस्त्री. खडेबाजारात एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. आम्ही मुलं त्यांना मामा म्हणत असू आणि त्यांच्या बायकोला, अण्णा म्हणे म्हणून, अव्वा. त्यांच्या घरात कन्नड, आमच्या घरात मराठी, आणि परसात जे काही बोललं जाई ते दोन्हींचं कालवण. पुढे मध्ये काही गोष्टी घडल्या. त्याचं नंतर सांगतो.

डब्यात व्हॉल्व होते. वर्तमानपत्राच्या कपट्यांत एकेक गुंडाळलेला, दोऱ्यानं बांधलेला. काही कपटे मराठी, काही कन्नड. प्रत्येक पुडीत मामांची चिठ्ठी. मामांचं लिखाणातलं मराठी मोठं गमतीचं होतं. ते मराठी अस्खलित बोलत, पण लिहीत ते कन्नड अक्षरांत. बँकेच्या नोकरीपायी मला कन्नड लिपी शिकावी लागली, ती इथे कामाला आली. अक्षर लावत लावत मी वाचत होतो: 'बरा', 'गेला', 'फक्त गणपतीला'. एका पुडीवर लिहिलं होतं, 'गुणगुणतो'.

हल्लीच्या मुलांना व्हॉल्व म्हणजे काय ते सांगावं लागतं, म्हणून थोडक्यात सांगतो. काचेची निर्वात नळी. तिच्या पोटात मधोमध एक छोटीशी नळकांडी, तिला आतल्या तारेनं तापवायचं. ती तापली की तिच्या अंगावरून इलेक्ट्रॉन सुटतात आणि भोवतीच्या धातूच्या पत्र्याकडे धावतात. जे. ए. फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये एवढंच केलं. दोन वर्षांनी ली डी फॉरेस्ट यांनी दोहोंच्या मध्ये एक जाळी घातली आणि सगळा कारभार बदलला. जाळीवर इवलासा विजेचा दाब बदलला की पत्र्याकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच्या तालावर कमीजास्त होतो. कुजबुजीचं बोलणं होतं ते इथे. मामा हे फार सोप्या शब्दांत सांगत. "काचेत चूल हाय, चुलीवर वाफ हाय, आणि मध्ये झारा धरलाय," म्हणायचे.

आमच्या घरी विजेवरचा रेडिओ १९६२ साली आला. त्याचं लायसन्स असे, पोस्टात पैसे भरावे लागत. रेडिओ लावला की लगेच बोलत नसे. आधी काचेआडचा दिवा लागे, मग मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून तांबूस उजेड दिसे, आणि अर्ध्या मिनिटानं कुठूनतरी दुरून चालत आल्यासारखा धारवाड केंद्राचा आवाज मोठा होत होत जवळ येई. त्या अर्ध्या मिनिटात घरातलं कुणी बोलत नसे.

मे महिन्याच्या सुट्टीत मी मामांच्या दुकानात जाऊन बसे. कथील लावायला त्यांनी शिकवलं. चालू यंत्रात हात घालायचा तर दुसरा हात खिशात ठेवायचा, म्हणजे झटका छातीतून जात नाही, हेही त्यांनीच शिकवलं. काचेच्या टाळूवर आतून चंदेरी मुलामा असतो. तो पांढरा पडला की समजायचं आत हवा शिरली, व्हॉल्व संपला. नवा व्हॉल्व घेतला की मामा तो आधी उजेडात धरत आणि चालू करून पेन्सिलीनं हळूच टिचकी मारत. कर्ण्यातून 'टिंग' असा घंटेसारखा आवाज आला तर नाक मुरडत. आतली जाळी सैल असली की व्हॉल्व स्वतःच मायक्रोफोन होतो, टेबल हललं तरी बोलतो.

विलायती व्हॉल्व महाग आणि मिळायला कठीण होते. भारत इलेक्ट्रॉनिक्स हा सरकारी कारखाना बंगळूरला १९५४ मध्ये निघाला आणि १९६१ पासून तिथे रेडिओचे व्हॉल्व होऊ लागले. मामांना त्याचा मोठा अभिमान. 'बेल'चं खोकं ते गिऱ्हाइकासमोर मुद्दाम फोडत. 'गुणगुणतो' लिहिलेला व्हॉल्व त्यांतलाच होता, ईसीसी ८२. या नावाचाही अर्थ असतो. ई म्हणजे ६.३ व्होल्टवर तापणारा, दोन सी म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड, आणि पुढचा आठाचा आकडा नऊ टाचण्यांच्या बैठकीचा. अमेरिकन लोक त्यालाच १२ ए यू ७ म्हणतात.

आता योगायोग बघा. आमचे चिरंजीव पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत आहेत. निवृत्तीनंतर मी दिवसभर गाणं लावतो आणि त्याच्या आईला त्रास होतो, म्हणून गेल्या दिवाळीत त्यानं मला हेडफोन आणि त्याला जोडायचा एक छोटा ॲम्प्लिफायर स्वतः करून दिला. त्यात एकच व्हॉल्व, ईसीसी ८२, स्लोव्हाकियात केलेला नवाकोरा. व्हॉल्व अजून तयार होतात हेच मला नवल. रशियात, स्लोव्हाकियात, चीनमध्ये होतात म्हणे. पण एकटा ईसीसी ८२ हेडफोन हलवू शकत नाही. त्याचा अंतर्गत विरोध काही हजार ओहम, आणि हेडफोनचा बत्तीसपासून तीनशेपर्यंत. म्हणून आवाजाची उंची व्हॉल्वनं वाढवायची आणि जोर मागच्या मॉसफेटनं द्यायचा. म्हातारा सांगणार, तरणा उचलणार, अशी ही जोडी.

डबा हाती आल्यावर मला राहवेना. डब्यात ईसीसी ८२ चार निघाले. दोन बंगळूरचे, त्यातला एक गेलेला. एक इंग्लंडचा मुलार्ड. एक रशियन. नवरात्रात मुलगा आला आणि आम्ही बापलेक कामाला लागलो. मल्लिकार्जुन मन्सुरांचं गाणं लावायचं, व्हॉल्व बदलायचा, पुन्हा तेच ऐकायचं. धारवाडच्या या माणसानं कोल्हापूरच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडून तालीम घेतली. आमच्यासारख्या दोन भाषांत वाढलेल्यांना त्यांच्यापेक्षा जवळचं कोण?

मी वहीत नोंदी ठेवल्या. स्लोव्हाकियाचा नवा व्हॉल्व: स्वच्छ, पण परीटघडीचा. मुलार्ड: खर्ज भरीव, आवाज जरा पुढे येऊन बसतो. रशियन: तानेचे दाणे सुटे, तंबोरा कोरडा. आणि बंगळूरचा, मामांचा? त्याच्यापुढे मी लिहिलं, 'ऊब. गाणं सुरू होण्याआधीच मैफल भरल्यासारखी वाटते.' मामांनी उगीच 'गुणगुणतो' लिहिलं नव्हतं. तेव्हा मी ते शिफारसपत्र समजलो होतो.

मुलानं वही वाचली आणि म्हणाला, "बाबा, व्हॉल्व बदलायला तुम्हाला तीन मिनिटं लागतात. निवायचा, काढायचा, दुसरा तापवायचा. तेवढ्यात आधीचा आवाज तुमच्या डोक्यात राहतो का त्याची आठवण राहते?" मला हे लागलं. पण त्याचं म्हणणं खरं होतं. शिवाय दोन व्हॉल्वांची वाढवण्याची ताकद अगदी सारखी नसते, आणि जो आवाज केसभर मोठा असतो तो आपल्याला केसभर चांगला वाटतो. डब्यातला एक ईसीसी ८३ मी हौसेनं लावून पाहिला होता आणि 'काय बहार!' म्हणालो होतो. टाचण्या त्याच, पण ८२ चा गुणक सतराच्या आसपास आणि ८३ चा शंभर. बहार कसली, आवाज मोठा झाला होता.

मग त्यानं रीतसर परीक्षा मांडली. प्रत्येक व्हॉल्व लावून गाण्याचा तोच तुकडा संगणकात भरून घेतला. एकाच सुराची शिटी वाजवून, मीटर लावून, चौघांची पातळी सारखी केली. आता व्हॉल्व थांबल्याशिवाय क्षणात बदलता येत होता. नाणं उडवायचं, छाप आला तर बंगळूरचा, काटा आला तर मुलार्ड. मी पाठ करून बसायचं आणि ओळखायचं. वीस वेळा.

वीसपैकी वीस! मी उठून उभा राहिलो. स्वयंपाकघरातून हिला हाक मारून सांगितलं. मुलगा शांतपणे म्हणाला, "बाबा, कशावरून ओळखता?" मी म्हटलं, "त्याची मैफल आधीच भरते." त्यानं तुकड्याची सुरुवात, गाणं सुरू होण्याआधीची दोन सेकंदांची शांतता, कापून टाकली आणि पुन्हा नाणं उडवलं. या वेळी वीसपैकी अकरा. नाण्यानं नुसतं नाण्याशी खेळलं असतं तरी एवढेच जमले असते.

ती दोन सेकंदं त्यानं आवाज वाढवून ऐकवली. डाव्या कानात 'हूं' असा बारीक आवाज होता, विजेच्या तारेखाली उभं राहिल्यावर येतो तसा. मामांच्या व्हॉल्वचा एक ट्रायोड मेन्सची घरघर आत घेत होता. चिठ्ठीचा अर्थ आता लागला. 'गुणगुणतो' ही त्यांची तक्रार होती. आम्हाला आठवडा लागला ते त्यांनी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी एका टिचकीत ओळखून, लिहून, बाजूला ठेवलं होतं.

मग व्हॉल्वची ऊब हे सगळं थोतांडच का? तसंही नाही. मुलानं मला पडद्यावर दाखवलं. ट्रायोडमध्ये एक सूर घातला की बाहेर पडताना त्याच्याबरोबर त्याच्या दुप्पट कंपनांचा एक बारीकसा सूर जोडलेला असतो. दुप्पट म्हणजे काय? षड्जाला तार षड्ज. ही खरं तर चूकच, पण सुरेल चूक. तिप्पट झाला तर वरचा पंचम, पाचपट झाला तर त्याहून वरचा गंधार. तंबोरा नीट लागला की न छेडलेला गंधार ऐकू येतो तो हाच. तेव्हा व्हॉल्व गाण्यात बाहेरचं काही कालवत नाही, घरचंच थोडं जास्त वाढतो. पण ते किती वाढायचं हे व्हॉल्ववर नाव कुठल्या कारखान्याचं आहे यापेक्षा त्याला किती व्होल्टवर, किती प्रवाहावर चालवलंय यावर जास्त ठरतं. आमच्या यंत्रात चौघांची पानं जवळजवळ सारखीच वाढली जात होती. खरे फरक होते ते घरघरीचे, खरखरीचे, टिचकीला बोलण्याचे आणि डाव्या-उजव्या कानांतल्या तफावतीचे.

आणखी एक गोष्ट कळली, ती मात्र मनाला लागली. मुलगा म्हणत होता, रशियनमध्ये वर 'सस्स' असा आवाज आहे. मला येईना. कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदावर रेघ काढून दाखवली. चार हजार कंपनांपर्यंत ती सपाट चालली होती आणि पुढे घाट उतरावा तशी खाली गेली होती. "वयानं होतं," म्हणाले. म्हणजे गेली काही वर्षं जे मला मऊ, उबदार वाटत होतं त्यात व्हॉल्वचा वाटा किती आणि माझ्या कानांचा किती, कोण जाणे!

त्याच रात्री मी माळ्यावरून आईची कॅसेट काढली. ऐकू येतंय तोवर ऐकून घ्यावं, एवढंच मनात होतं.

आता ती मधली गोष्ट सांगायला हवी. १९८६ च्या जूनमध्ये इथे कन्नडसक्तीविरोधी आंदोलन झालं, गोळीबार झाला, माणसं गेली. त्या दिवसांत एका संध्याकाळी आमचे वडील आणि मामा यांच्यात परसातल्या भिंतीवरून शब्दाला शब्द वाढला. दोघंही तसे गरीब माणूस, पण जे बोलायला नको ते बोलून गेले. बोलणं थांबलं. वर्षभरात मामांनी दुसऱ्या गल्लीत घर केलं. मी तेव्हा निपाणीला नोकरीवर होतो, सुट्टीला येई. मला एवढंच दिसलं की अव्वा आमच्याकडे येत नाहीत. माझ्या मनानं घेतलं की त्यांनीही पाठ फिरवली. १९९१ मध्ये अव्वा गेल्या. निरोप त्याच दिवशी पोचला होता. एस.टी. होती, रजा होती. मी गेलो नाही. अण्णानं त्याबद्दल मला कधी विचारलं नाही, आणि रस्त्यात भेटलो तर बरं आहे का, बरं आहे, यापुढे आमचं बोलणं गेलं नाही.

कॅसेटवर आक्काच्या अक्षरात लिहिलंय, 'आईच्या ओव्या, दिवाळी १९८६'. आक्का भाऊबीजेला आली होती तेव्हा भाऊजींचा टेपरेकॉर्डर घेऊन आली होती. आई १९९४ मध्ये गेली, त्यानंतर मी ती कॅसेट दोनदा-तीनदा ऐकली असेल, घरातल्या छोट्या टेपवर. आईचा आवाज आणि जात्याची घरघर, बस. पुढे धीर झाला नाही.

मुलानं आधी ती संगणकात उतरवून घेतली. फीत झिजलेली, प्रत्येक वेळी थोडी काळी पूड सोडत होती. मग मी हेडफोन लावला. व्हॉल्व मामांचाच, गुणगुणणारा. आई जवळ येऊन बसली. दुसऱ्या ओवीला माझ्या लक्षात आलं की जात्याच्या घरघरीखाली आणखी एक आवाज आहे. ठाय, खालच्या पट्टीतला. आईची ओळ संपली की तो तिचं शेवटचं अक्षर धरून ठेवी, आणि चौथ्या ओवीनंतर तो एकटाच पुढे गेला, कन्नडमध्ये. जात्याला खुंटा एक असला तरी हात दोघींचे असतात, हे मी विसरून गेलो होतो.

मी कोल्हापूरला आक्काला फोन केला. ती म्हणाली, "अव्वा होत्याच की! त्या दिवाळीत भाजणी दळायला मागच्या दारानं आल्या होत्या. आप्पा आणि मामा दोघंही बाहेर गेलेले बघूनच आल्या. त्यानंतरही यायच्या. तुला माहीत नव्हतं?"

"तू सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

मुलानं त्याच्या स्वभावाप्रमाणे तपासून पाहिलं. मुलार्ड लावला, अव्वा होत्या. रशियन लावला, होत्या. व्हॉल्व बाजूला ठेवून हेडफोन सरळ संगणकाला जोडला, तरी होत्याच. किमया व्हॉल्वची नव्हतीच. छोट्या टेपच्या टीचभर कर्ण्याला खालचा स्वर झेपत नव्हता, तो हेडफोनला झेपला, एवढाच हिशेब. त्या कर्ण्यालाही मी सगळा दोष देणार नाही. आईशिवाय कुणी तिथे असेल अशी कल्पनाच मला नव्हती, मग कान तरी काय करतील?

दसऱ्याला सोनं द्यायला मी अण्णाकडे गेलो. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच गेलो. आपट्याची पानं त्याच्या हातात ठेवली आणि म्हटलं, "घरी चल. ऐकायचं आहे काहीतरी." त्यानं का विचारलं नाही. चपला घातल्या आणि आला. या वेळी आत आला, खुर्चीत बसला. मी त्याला हेडफोन चढवला आणि बटण दाबलं.

"काय येईना की," तो म्हणाला.

"थांब," मी म्हटलं. "व्हॉल्व तापूदे."

काचेत तांबूस ठिपका उमटला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो, मामांच्या दुकानात बसायचो तसे. अर्ध्या मिनिटानं त्याचा चेहरा बदलला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग डोळे न उघडताच, मला सांगायला म्हणून नव्हे, म्हणाला, "हौदु. अव्वन दनि."

मुलगा म्हणतो, घरघरणारा व्हॉल्व काढून मुलार्ड लावा, डाव्या कानाला बरं पडेल. त्याचं बरोबर आहे. मी अजून काढलेला नाही. अण्णा दर रविवारी येतो. चहा घेतो.